लोंबत्या पाळ्या

१ जानेवारी

आशिषने ही डायरी दिली. म्हणाला, "आई, रोज एक पान रामनाम लिही, मन शांत राहील." मुलगा भोळा आहे माझा. मला मन शांत करायचंच नाही. ते शांत झालं तर त्या शरदचंद्र साहेबाकडे कोण बघणार?

बोलून दाखवलं तर झाशीच्या लक्ष्मी गेटातल्या भिंती चहा उकळायच्या आत मोहल्लाभर सांगतात, म्हणून लिहिते. शाळा माझी माहेरी, एरचला, चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ ज्याला हवं त्यानं आपलं घालून घ्यावं.

आज साहेब दारात आले होते. मंडळाच्या २६ जानेवारीच्या प्रदर्शनाचे कागद वाटत हिंडत होते. साहेब पुण्याचे, आणि मोठ्या सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. या दोन्ही गोष्टी ते समोरच्याला विसरू देत नाहीत. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तेच. कागद हातात देऊन म्हणाले, "यंदा मी स्वतः भाग घेतोय, सरलाबाई. जेट विमान. ग्वाल्हेरहून हवाई दलातले निवृत्त अधिकारी परीक्षक म्हणून येतायत. तुमची नात ठेवणार का काही? की तिचं विमान अजून दवाखान्यातच?"

आणि हसले. मीही हसले. दात दाखवायला काय जातं.

गेल्या वर्षीचं लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

कश्मिरा माझी नात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्लास्टिकचे तुकडे जोडून विमानं करते. गेल्या खेपेला तिनं एक लढाऊ जेट केलं होतं, माझ्या वितीहून थोडं मोठं. मैदानात नुसतं उभं राहिलेलं, इंजिन बंद, आत कोणी नाही, काचेचं झाकण उघडं. पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीला हलणारे तुकडे असतात. उडताना वैमानिक त्यांनीच विमान वर-खाली करतो म्हणे. मी त्यांना पाळ्या म्हणते, कानाच्या असतात तशा. पोरीनं महिनाभर फोटो बघून, कोन मोजून, त्या सगळ्या पाळ्या खाली लोंबत्या लावल्या होत्या.

साहेबांनी भर सभेत माइक तिच्या तोंडाशी धरला. "हे असं का?"

पोरगी घाबरली. घरात आईबापाशी हिंदी, कॉलेजात हिंदी, मराठी काय ती माझ्यापुरती. म्हणाली, "इंजन बंद झालं तर तेलाचा प्रेशर उतरून जातो, मग हे सगळे ढिले होऊन जातात."

"ढिले?" साहेब माइकवर म्हणाले. "बाळ, मराठीत नाड्या ढिल्या होतात. विमानं नाही होत. आधी मराठी शीक, मग आम्हाला इंजिनियरिंग शिकव."

सगळा हॉल हसला. मग साहेबांनी दोन बोटांनी एक पाळी वर ढकलली. कट. दुसरी ढकलली. कट. "हं, आता शिस्तीत आलं," म्हणाले.

तुकडे मी पदरात वेचले. तेव्हापासून तो डबा कपाटावर आहे आणि कश्मिरा माझ्याशीही हिंदीतच बोलते.

४ जानेवारी

कश्मिराला म्हटलं, काढ तो डबा खाली, चिकटव आणि ठेव यंदा.

"आजी, छोड़ो ना."

"मराठीत बोल."

"नहीं आती ठीक से. लोग हँसते हैं." चष्मा ओढणीला पुसला आणि गेली आपल्या खोलीत.

हीच पोरगी पूर्वी माझ्या मागे मागे फिरायची. आजी, कब्ज़ा को मराठीत काय म्हणतात? बिजागरी. आजी, टोकाला? टोकच म्हणतात, मूर्खे. तो बिजागरी शब्द तिनं विमान जोडताना इतक्यांदा म्हटला की स्वाती, माझी सून, वैतागली. आता घरात दोन दारं करकरतात, पण बिजागरी म्हणणारं कोणी नाही.

आमचे सासरचे लोक पेशव्यांच्या वेळी पूजाअर्चेला इथे आले आणि इथलेच झाले. साहेब काल आले, कंपनीच्या क्वार्टरमध्ये उतरले, आणि आम्हाला मराठी शिकवतात.

आता खरं लिहायचं तर, पोरीचं चुकलं असेल. साहेबांनी जन्म यंत्रांत काढलाय. पण चुकलं म्हणून मोडतात का? माझी पोळी वाकडी झाली तर कोणी तव्यावरून उचलून ती फाडत नाही.

९ जानेवारी

लक्ष्मी तालावर महालक्ष्मीला जाऊन आले. धुकं इतकं की तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. गुडघे कुरकुरत होते. मी देवीपाशी सहसा काही मागत नाही, तिलाही किती कामं. आज मागितलं. साहेबाला आजार नको, अपघात नको. त्यानं लोक हळहळतात, आणि मला त्यांनी हळहळायला नको आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, त्याच लोकांनी हसावं. एवढंच.

पुजाऱ्यानं विचारलं, "काकी, संकल्प किसके नाम से?" मी साहेबांचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. तो म्हणाला, "दूसरों के लिए कौन आता है आजकल. बड़ी भली हैं आप."

मी म्हटलं, हां भैया, रहा नहीं जाता.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला साहेबांकडे गेले. लाडू मुद्दाम कडक वळले होते. बायको त्यांची, अलकनंदा, बरी आहे बिचारी. बरं माणूस वाईट माणसापाशी का टिकतं, हे कोडं मला या वयातही सुटलेलं नाही.

विमान टेबलावर होतं. हिरवा-करडा रंग, चाकांच्या झडपा, शिडी, सगळं बेतशीर. हात चांगला आहे माणसाचा, ते मी नाकारत नाही. आणि पाळ्या एकजात सरळ, फूटपट्टीनं आखल्यासारख्या.

"बघा सरलाबाई," साहेब लाडू दाढेखाली फिरवत म्हणाले. "उभं विमान म्हणजे परेडमधला जवान. जागच्या जागी सगळं. नाहीतर तुमच्या नातीचं! दारू पिऊन पडल्यासारखं."

"खरंय हो," मी म्हटलं, आणि बोट पुढे केलं.

"हां हां, हात नका लावू! चिकटवलेलं नाहीये ते, पितळी तारेवर आहे. नुसतं बोट लागलं तरी वाकेल."

हे त्यांनी स्वतः सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

१५ जानेवारी

ठरलं.

१९ जानेवारी

कश्मिराचं विमान फ्रिजवर असायचं तेव्हा रोज मीच मऊ फडक्यानं पुसायची. कुठली पाळी किती लोंबत होती ते माझ्या बोटांना पाठ आहे. तरी हात बसावा म्हणून साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, तारेवर लावला आणि वाकवून बघितला. एका हातानं मूळ धरायचं, दुसऱ्यानं कड दाबायची, नाहीतर तार निसटते.

कश्मिरानं दारातून पाहिलं. "आजी, ये क्या बना रही हो?"

"उंदराचा सापळा."

"कागज़ का?"

"उंदीर शहाणा नाहीये फारसा."

पहिल्यांदा वाटलं, एक पाळी वर करावी, एक खाली, चाकाची झडप तिरकी करावी, पार वाटोळं. मग वाटलं, नको. माझ्या पोरीत जी चूक काढली तीच चूक, तेवढीच, त्यांच्या विमानात निघाली पाहिजे. परीक्षकानं विचारावं, हे असं का? आणि साहेबानं माइकसमोर तोंड उघडून उभं राहावं.

पाप लागेल का? लागू दे. पुण्याचा साठा करून मला कुठे दुकान काढायचंय.

२५ जानेवारी, रथसप्तमी

केलं.

नीट लिहिते. संक्रांतीचं हळदीकुंकू आज शेवटचं, म्हणून मंडळात सकाळपासून बायका जमल्या होत्या. पलीकडे हॉलमध्ये उद्याच्या प्रदर्शनाची टेबलं आधीच लागली होती. साहेब सामान आणायला गेलेले, आणि अलकनंदेला विमानापाशी खुर्ची देऊन बसवलेलं. "हललीस तर बघ," असं सांगून गेले होते म्हणे. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई ती.

अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवलं. रथसप्तमीचं दूध उतू जाऊ देतात आणि कुठल्या बाजूला गेलं ते बघतात. झाशीत आता हे करणारी घरं उरलीत किती, म्हणून आमच्या बायकांना त्याची भारी हौस. मी हळदीचं ताट भरून आत आले आणि म्हटलं, "अलकनंदा, दूध चढलं गं. अध्यक्षीणबाईंनी बघायला नको? मी इथे रांगोळी काढते तोवर."

"पण काकू, हे म्हणाले होते..."

"सूर्याला थांबायला सांगू का?"

गेली. सगळ्याच गेल्या. बाहेर एकच गलका, "आलं, आलं! पूर्वेला! नाही, उत्तरेला!" आणि आत मी. पंखांच्या कडेच्या दोन्ही पाळ्या खाली. शेपटीच्या दोन आडव्या, दोन्ही सारख्या खाली. चाकांच्या झडपा, पोरीच्या होत्या तशा, थोड्या सैल. शेपटीचं उभं पान सरळच ठेवलं, कारण पोरीनंही ते सरळच ठेवलं होतं. जसंच्या तसं. हात कापले नाहीत. कापले असते तर मीच माझे हात झोडले असते.

मग खाली बसून रथाची रांगोळी काढली. घोडे जरा बोकडासारखे झाले.

अलकनंदा परत आली, विमानाकडे बघितलं, छान दिसतंय म्हणाली आणि खुर्चीत बसली. साहेबांनी संध्याकाळी येऊन टेबलावर चादर टाकली आणि कुलूप लावून गेले. घाईत होते, वाकून बघितलंही नाही. आपल्या हातच्या कामावर इतका विश्वास.

२६ जानेवारी

झेंडा झाला, जिलबी झाली. कश्मिरा येत नव्हती. स्वातीनं ओढून आणली. दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उभी राहिली, जशी कुणाची चप्पल सांभाळायला आली आहे.

परीक्षक तोमर म्हणून होते. उंच, पिकल्या मिशा. सगळी टेबलं बघत बघत साहेबांच्या विमानापाशी आले. साहेबांनी झटक्यानं चादर काढली.

त्यांनीही तेव्हाच पाहिलं. चेहऱ्याचा रंग असा गेला, जसं कोणी फडक्यानं पुसून घेतला. मी मनात म्हटलं, देवी, आता.

तोमर साहेब वाकले. आणखी वाकले. चष्मा काढून परत घातला. साहेबांचा हात पाळ्या वर करायला पुढे गेला, तसे तोमर ओरडलेच, "नहीं-नहीं, हाथ मत लगाइए! यही तो ख़ूबी है!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सब लोग सीधा बना देते हैं, शोकेस जैसा," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "हर जहाज़ में अलग होता है, पर ये वाला जब खड़ा रहता है, इंजन बंद, प्रेशर गया, तो थोड़ी देर में सब ढीला. और देखिए, टेल के दोनों हिस्से बराबर झुके हैं. दोनों एक ही स्टिक से बँधे हैं ना, एक ऊपर एक नीचे हो ही नहीं सकता. जिसने ये किया है, उसने खड़े जहाज़ को ध्यान से देखा है."

आणि पहिला नंबर. साहेबांना. कप त्यांच्या हातात. टाळ्या.

हे लिहिताना आत्ताही दात शिवशिवतायत. त्यांचं नाक कापायला गेले आणि नथ घालून आले. त्यांच्याहून मोठी मूर्ख ती मी. जिलबीचं ताट हातात होतं, ते तिथेच आपटावंसं वाटलं.

तेवढ्यात तोमर साहेबांनी माइक त्यांच्यापुढे केला. "शरदचंद्र जी, बताइए सबको, ऐसा क्यों किया?"

साहेबांना दोन वाटा होत्या. कोणीतरी हात लावला म्हणावं आणि कप परत द्यावा. किंवा मग. कपाकडे बघितलं, माइककडे बघितलं आणि गळा साफ केला.

"त्याचं असं आहे," म्हणाले. "पुष्कळांना हे माहीत नसतं. मला अनुभवानं माहीत. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब उतरतो, आणि हे सगळे भाग..." इथे अडकले. शब्द शोधत होते. मराठी शुद्ध हवं ना. शेवटी म्हणाले, "ढिले होतात."

मला काय झालं ते सांगता येत नाही. ताट स्वातीच्या हातात दिलं आणि तिथूनच म्हटलं, "काय होतात, साहेब? ऐकू नाही आलं."

"ढिले. ढिले होतात, सरलाबाई."

"अगं बाई. मराठीत तर नाड्या ढिल्या होतात म्हणाला होतात. विमानं नाही."

आधी पाठीमागून कोणीतरी फिसकन हसलं. मग आठवण एकेकाला होत गेली तसतसं हसू पुढे सरकत आलं, रांगेरांगेनं, आणि सगळा हॉल हसला. तोच हॉल. तेच लोक. अलकनंदेनं पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

"आणि अनुभवानं ठाऊक होतं," मी म्हटलं, "तर माझ्या नातीच्या विमानाच्या पाळ्या कटाकट मोडल्यात तेव्हा तो अनुभव काय फिरायला गेला होता?"

तोमर साहेबांना मराठी कळत नव्हतं. "क्या हुआ? क्या बोलीं माताजी?" सगळ्यांना विचारत होते. शेजारच्यानं त्यांना सांगितलं. मग ते दाराकडे बघू लागले, कोणती मुलगी म्हणून. शरदचंद्र साहेब कप धरून उभे होते, जसं कोणी भांडं धुवायला दिलं आहे आणि मोरी सापडत नाही.

कश्मिरा हसत नव्हती. साहेबांकडे बघतही नव्हती. ती पुढे येऊन विमानाला नाक लावून उभी होती, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

देवीला उद्या नारळ. एक गोष्ट मात्र डोक्यात शिरत नाही. त्या तोमरांचंच काही चुकलं नसेल ना?

२७ जानेवारी

मी खिचडी टाकली होती. कश्मिरा आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मोबाइल पुढे केला. विमानाच्या शेपटीचा फोटो, मोठा केलेला. आडव्या पाळीखाली पिवळा ठिपका.

"आजी, ही हळद आहे."

मराठीत म्हणाली. मी मुद्दाम तिकडे लक्ष दिलं नाही, नाहीतर लाजून परत हिंदीत गेली असती.

"असेल. रथसप्तमी होती, सगळीकडे हळदच होती."

"आणि आत वैमानिकाची जी दांडी असते, ती सीधी होती. टेल खाली झुकली तर दांडी पण झुकून जाते, दोन्ही बांधलेले आहेत. म्हणजे कोणी बाहेरून झुकवलं, नंतर. तोमर सरांनी बघितलं नाही. मी बघितलं."

"मग सांगायचंस त्यांना."

"आजी." मोबाइल ओट्यावर ठेवला. "तू माझं बरोबर होतं म्हणून तसं केलं, की माझं चूक होतं म्हणून?"

मी म्हटलं, खिचडी खाली लागतेय, बाजूला हो.

लागत नव्हती. पाणी चांगलं पेलाभर जास्त झालं होतं त्यात. पोरगी हलली नाही. मी झाकण काढलं, ढवळलं, झाकण ठेवलं. ती आपली बघतेच आहे. शेवटी म्हटलं, "कपाटावरचा डबा काढायचा तर खुर्ची घे, तो स्टूल डुगडुगतो."

मग गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

नारळ राहून गेला आज. उद्या नक्की.

२९ जानेवारी

जेवायच्या टेबलावर विमान मांडलंय, त्यामुळे आम्ही सगळे जमिनीवर जेवतो. आशिष म्हणाला, आई, तू काही बोलत कशी नाहीस? म्हटलं, जमिनीवर जेवल्यानं पचन सुधारतं.

मोडलेल्या पाळ्या नव्यानं बसवायच्या. कश्मिरा एकेक धरायला मला देते. माझ्या हाताला कंप नाही म्हणते. "किती खाली?" विचारलं तर पुस्तकात न बघता माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "तुझी कुडी काढली की पाळी कशी असते, तशी. ताणलेली नाही, पण थकलेली."

बरीच शेफारलीय. पण बिजागरी हा शब्द सकाळपासून घरात फिरतोय.

३१ जानेवारी

अलकनंदा आली होती, उरलेले वाणाचे डबे द्यायला. बसली, चहा घेतला, दाराकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, काय सांगू. ह्यांनी घरातली सगळी विमानं काढलीत. शोकेसमधली, जुनी, छोटी, सगळी. आणि रात्रंदिवस त्यांचे ते भाग खाली वाकवत बसलेत. म्हणतात, पुढच्या वर्षी अख्खी रांग ठेवणार, तोमर परत येणार आहेत."

"सगळी?"

"एकूण एक. ते छोटं पंख्याचं पिवळं विमान आहे ना, त्याचंही शेपूट पाडलं. एक वर आलं होतं तर पुन्हा दाबलं."

कश्मिरा टेबलावरून ऐकत होती. अलकनंदा गेल्यावर पोट धरून हसली. "आजी, त्या छोट्यात तेल नसतंच! ते तारांनी चालतं. उभं केलं की वैमानिक दांडी बांधून ठेवतो, हवेनं हलू नये म्हणून. ते ढिलं होतच नाही. अर्धी तरी विमानं चुकीची करून टाकली त्यांनी." मग हसू आवरलं. पोरगी माझ्यावर गेलेली नाही पूर्ण, अधूनमधून तिला दया येते. "सांगून येऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"खबरदार सांगशील तर."

तिनं पाळी चिमट्यात धरली, डिंकाचा थेंब लावला, जागेवर टेकवली आणि फुंकर घातली.

"नाही सांगत," म्हणाली. "राहू दे ढिलं."